पुढचा ब्रेक आणि उजव्या हाताचीं बोटें

मोटारसायकलीला दोन ब्रेक असतात, आणि आमच्याकडील पुष्कळसे चालक त्यांपैकीं एकावरच संसार करतात. निफाडच्या बसस्थानकासमोर अर्धा तास उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातापायांकडे पाहिलें, तर ही गोष्ट कोणाच्याहि ध्यानांत येईल. म्हैस आडवी येते, एस. टी. एकदम थांबते, एखादें पोर चेंडूमागें धांवत रस्त्यावर येतें. चालकाचा उजवा पाय तत्काळ खालीं जातो, मागचें चाक किंचाळतें, गाडीची शेपटी डावी-उजवीकडे हेलकावे खाते. आणि उजव्या हाताचीं चारी बोटें मात्र मुठीला घट्ट धरून बसलेलीं असतात. जो ब्रेक गाडी थांबवूं शकला असता, त्याला कोणी हातहि लावलेला नसतो.

त्या ब्रेकविषयीं, आणि त्यावर बोटें कशीं ठेवावीं याविषयीं, आज बोलावयाचें योजिलें आहे. बोटांची गोष्ट ती केवढी, असें आपणांस वाटेल. परंतु २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळिसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. ज्या घरांतून रोज सकाळीं कोणीच दुचाकीवर बाहेर पडत नाहीं, अशीं घरें शहरांत आतां थोडींच उरलीं आहेत. विषय लहान असला तरी घरचा आहे.

आधीं भीतीचा विचार करूं. “पुढचा ब्रेक दाबूं नकोस, तोंडावर आपटशील,” हा उपदेश आमच्याकडे बाप मुलाला आणि थोरला भाऊ धाकट्याला करीत आला आहे. तो निखालस खोटा असता तर इतकीं वर्षें टिकलाच नसता. तो जन्मला सायकलीवर. सायकल हलकी, आंखूड, आणि बसणाऱ्याचें वजन उंचावर. तिचा पुढचा ब्रेक हिसडून दाबला तर मागचें चाक खरोखरीच उचललें जातें. पुढें लहान चाकांच्या स्कूटरी आल्या. त्यांवर आमची एक सबंध पिढी उजव्या पायानें थांबावयास शिकली, आणि हातांतला ब्रेक उतारावर गाडी धरून ठेवण्यापुरता उरला. सायकलीची भीति आणि स्कूटरची सवय अशा दोन्ही वस्तु मग वारशानें मोटारसायकलीवर आल्या. मोटारसायकल मात्र लांब, जड व ठेंगणी. तिचा स्वभाव अगदींच निराळा.

तो स्वभाव समजण्यास थोडा हिशोब करावा लागेल. पण तो कठीण नाहीं. समजा, गाडी व तिच्यावरचा माणूस मिळून वजन दोनशें किलो आहे. गाडी स्थिर असतां त्यांतले सुमारें शंभर किलो पुढच्या चाकावर व शंभर मागच्यावर असतात. आतां ब्रेक लागला. बसमध्यें उभे असतां ब्रेक लागला कीं आपण पुढें झुकतों, तसाच गाडीचा सगळा भार पुढें झुकतो. कोरड्या डांबरावर जोरानें थांबतांना साध्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर एकशें साठ-पासष्ट किलो भार येतो आणि मागच्यावर जेमतेम पस्तीस-चाळीस उरतात. टायर रस्त्याला किती धरून राहील हें त्यावरील भारानें ठरतें. म्हणजे थांबण्याची खरी गरज ज्या क्षणीं पडते, नेमक्या त्याच क्षणीं मागचें चाक दुबळें होतें आणि पुढचें बलिष्ठ. आणि आमचा चालक भरंवसा ठेवतो तो दुबळ्यावर!

याची किंमत किती पडते तीहि पाहा. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा चालक ब्रेक लागल्यापासून वीस मीटरांच्या आसपास थांबूं शकतो; नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्यास चाळीस मीटर, कित्येकदां त्याहूनहि अधिक लागतात. पण या दोन आंकड्यांपेक्षां बोलका असा एक तिसरा आंकडा आहे. पहिला चालक ज्या जागीं पूर्णपणें थांबला, त्या जागेवरून दुसरा अद्यापि ताशीं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगानें जात असतो. मध्यें म्हैस असो वा मूल असो, पहिल्याच्या पुढच्या चाकाशीं तें उभें आहे. दुसऱ्याचें काय होईल तें सांगावयास नको.

अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजलिसच्या परिसरांतील सुमारें नऊशें मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली व १९८१ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतला एक निष्कर्ष आमच्या बसस्थानकासमोर उभें राहून लिहिल्यासारखा आहे. संकटाच्या वेळीं बहुतेक चालक मागचा ब्रेक अति दाबून चाक घसरवीत, आणि पुढचा फार कमी वापरीत. बचावाची सारी धडपड करण्यास त्यांना मिळालेला वेळ सामान्यतः दोन सेकंदांहूनहि थोडा कमी होता. दोन सेकंदांत माणूस नवें कांहीं शिकत नाहीं. हाताला जें ठाऊक असतें तेंच हात करतो.

येथें कोणी म्हणेल कीं, पुढचें चाक घसरून पडलेले लोक आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. पाहिले असतील. मागचें चाक अडकून घसरलें तर गाडी कांहीं वेळ तरी सांवरतां येते. पुढचें चाक अडकलें तर तोलच जातो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच माणूस जमिनीवर असतो. परंतु तें चाक अडकलें कां? भार मागून पुढें येण्यास थोडा, अगदीं क्षणाच्या अंशाइतका कां होईना, वेळ लागतो. पुढचे शॉकअॅब्सॉर्बर दबावे लागतात, टायर रस्त्यावर चेपावा लागतो. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तो केवढा, तर तळहाताएवढा! तो चेपला जाण्यापूर्वींच कोणी हिसका दिला, तर पुढचें चाक अजून शंभर किलोचेंच असतें आणि त्याच्याकडून काम मागितलें जातें एकशें साठ किलोचें. तें घसरतें. दोष हिसक्याचा, आणि बदनाम झाला बिचारा ब्रेक.

म्हणून पुढचा ब्रेक ओढावयाचा नसतो, आवळावयाचा असतो. गाईची धार काढणाऱ्याचा हात ज्यानें पाहिला आहे, त्याला हा भेद फोडून सांगावा लागणार नाहीं. हिसडा दिला तर गाय लाथ मारते. मूठ हळूहळू मिटत गेली कीं धार सुरळीत लागते. ब्रेकचेंहि तसेंच. प्रथम लिव्हर इतकीच दाबावी कीं तिची मोकळी हालचाल संपावी आणि गाडीचें नाक किंचित् खालीं जावें. तें खालीं गेलें, म्हणजे पुढचें चाक कामाला तयार झालें. तेथून पुढें दाब वाढवीत न्यावा, वाटेल तितका, अगदीं जोरानेंहि. या दोन पायऱ्यांना मिळून फार तर अर्धा सेकंद लागतो, आणि सराव झाल्यावर त्या दोन आहेत हेंहि हाताला जाणवत नाहीं. सोडतांनाहि तोच नियम. एकदम सोडलेली लिव्हर दबलेल्या गाडीला वर उडविते. हें सारें गाडी सरळ असतांना करावयाचें. वळणावर गाडी कललेली असेल तर टायरची बरीचशी पकड वळण्यांतच खर्च होत असते. ब्रेकसाठीं उरते ती थोडकी. गुडघे टांकीला भिडलेले, कोपर किंचित् वांकलेले, आणि दृष्टि दूर. ज्या म्हशीला चुकवावयाचें तिच्याकडेच टक लावली, तर गाडीहि तिच्याकडेच जाते.

आतां मुख्य प्रश्न: किती बोटें? याविषयीं जाणत्यांत मोठा वाद आहे. अमेरिकेंतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था नवशिक्यांना चारी बोटांनीं ब्रेक दाबावयास शिकविते. शर्यतींतले स्वार एका किंवा दोन बोटांनीं काम भागवितात. दोघांनाहि आपापल्या ठिकाणीं आधार आहे. माझ्या मतें हा वाद बोटांचा नाहींच, तो गाडीच्या ब्रेकचा आहे.

जुन्या गाड्यांना पुढें ड्रम ब्रेक असे. १९८५ सालीं आपल्याकडे आलेल्या हीरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १०० या दोन्ही गाड्या तशाच होत्या, आणि साध्या गाड्यांतून तो आजहि आढळतो. लिव्हरपासून निघालेली तार ड्रमवरची एक लहान दांडी ओढते, आंतले लायनर फांकतात व ड्रमला घासतात. तार ताणते, गंजते, वाटेंत घर्षणानें जोर खाते. अशा ब्रेकला चारी बोटांचें बळ लागतें, आणि तें द्यावें. डिस्क ब्रेकची गोष्ट निराळी. १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीनें हातानें चालणारा, तेलाच्या दाबाचा डिस्क ब्रेक जगांत रूढ केला. आमच्या नेहमींच्या गाड्यांवर तो चालू शतकाच्या आरंभापासून पसरत गेला. त्यांत तार नाहीं. बंद नळींतलें तेल लिव्हरजवळच्या लहान दट्ट्याचा दाब चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यापर्यंत पोंचवितें, आणि जागा मोठी म्हणून तेथें जोर कित्येक पटींनीं वाढतो. असा ब्रेक दुरुस्त असेल तर दोन बोटांत गाडीची सारी गति गिळण्याचें सामर्थ्य असतें.

डिस्क ब्रेकवर तर्जनी व मधलें बोट हीं दोन पुरेत, असें मी म्हणतों तें एवढ्याचसाठीं नव्हे. मूठ सोडून चारी बोटें लिव्हरवर न्यावीं लागलीं, तर अॅक्सिलरेटरवर आणि हँडलवर अंगठा व तळहात एवढेंच उरतें, आणि घाबरलेला तळहात कित्येकदां अॅक्सिलरेटरच पिळतो. दोनच बोटें नेलीं तर अनामिका व करंगळी मूठ धरून राहतात. दुसरें असें कीं, घाबरलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळते. चार बोटांच्या हिसक्यापेक्षां दोन बोटांचा हिसका सौम्य असतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दोन बोटें आगाऊच लिव्हरवर टेकवून ठेवतां येतात. हात मुठीवरून लिव्हरवर नेण्यांत सेकंदाचा तिसरा हिस्सा जरी वांचला, तरी साठाच्या वेगाला तेवढ्यांत साडेपांच मीटर वांचले. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला साडेपांच मीटर म्हणजे पांच-सहा पावलें होतात.

एक पारख मात्र प्रत्येकानें आपल्या गाडीवर करावी. गाडी उभी असतां दोन बोटांनीं लिव्हर जोरानें दाबावी आणि मुठीवर राहिलेल्या दोन बोटांकडे पाहावें. लिव्हर येऊन त्यांच्यावर टेकत असेल, तर आणीबाणीच्या वेळीं आपलींच बोटें आपल्या ब्रेकच्या आड येणार. मग मेकॅनिककडे जाऊन ब्रेक नीट करून घ्यावा, आणि तोंवर चारी बोटें वापरावीं. दुसरें, लिव्हर ही शेवटीं पहारच आहे. टोंकाकडे धरली तर कमी जोर पुरतो, खिळीजवळ धरली तर जास्त लागतो. दोन बोटें बहुधा खिळीच्या बाजूलाच पडतात. पुष्कळ गाड्यांवर लिव्हरचा पट्टा सैल करून ती थोडी आंत सरकवितां येते. त्याच वेळीं तिचा कलहि पाहावा. बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेंत आला पाहिजे. मनगट वर मोडावें लागत असेल तर लिव्हर फार उंच आहे.

बोटें दिवसभर लिव्हरवर ठेवावीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. हात अवघडतो, आणि खड्ड्यांत गाडी आपटली कीं नकळत ब्रेक दाबला जातो. मोकळ्या रस्त्यावर चारी बोटें मुठीवर खुशाल असावीं. जेथें कोणी आडवें येण्याचा संभव, तेथें दोन पुढें यावीं, आणि तेंहि आपोआप.

असा संभव कोठें असतो, याचा धडा घेण्यास निफाड तालुक्यासारखी शाळा नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांचें जन्मगांव म्हणून निफाड आपणांस माहीत असेल, आणि द्राक्षांचें म्हणून तर खासच. नाशिकहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा रस्ता चांदोरी, निफाड, विंचूर असा या तालुक्यांतून जातो, आणि त्याला शेतांतून, वाड्यावस्त्यांवरून आलेल्या वाटा पावलोपावलीं मिळतात. लासलगांवच्या बाजाराकडे कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात, हंगामांत उंसाच्या गाड्या असतात. पहाटे त्यांतल्या कित्येकींच्या मागें दिवाहि नसतो. प्रत्येक शेतवाटेचें तोंड दिसलें कीं दोन बोटें लिव्हरवर, ही संवय येथें ज्याला आहे तो म्हातारा होण्याची आशा बाळगूं शकतो.

याच रस्त्यावर पुढचा ब्रेक जपून वापरण्याच्याहि जागा आहेत. पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि साबणासारखी होते. सांडलेला उंसाचा पाचोळा, कडेची वाळू, यांवर टायरला धरावयास कांहीं नसतें. तेथें वेग आधींच, कोरड्या जागेंत, उतरवून घ्यावा. घसरडीवर गाडी सरळ ठेवावी, पाय हलकाच चालवावा आणि हाताला फक्त स्पर्शापुरतें काम द्यावें. दुधाचे कॅन लटकवून जाणाऱ्या गवळ्याचेंहि गणित थोडें वेगळें. त्याचा भार मागें असतो, म्हणून त्याचा मागचा ब्रेक रिकाम्या गाडीपेक्षां पुष्कळ अधिक काम करतो. तरी थांबवावयाचें वजनहि वाढलेलें असतें. पुढच्या ब्रेकवांचून त्याचेंहि भागत नाहीं.

आणि थंडी. निफाडजवळ कुंदेवाडीस गहू संशोधन केंद्र आहे. तेथला पारा हिंवाळ्यांत पांच अंशांच्या खालीं गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतां. द्राक्षबागांत त्या रात्रीं शेकोट्या पेटतात. बागांची एवढी काळजी घेणारा शेतकरी पहाटे उघड्या हातांनीं मोटारसायकलीवर निघतो, आणि दहा मिनिटांत त्याचीं बोटें बधिर होतात. लिव्हरवर पुढें काढलेलीं दोन बोटें तर वाऱ्याच्या तोंडींच असतात. बधिर बोटाला दाबाची जाण राहात नाहीं. हळूहळू आवळणें ही जी सारी विद्या, ती जाणिवेवर चालते; जाण गेली कीं उरतें तें एकदम सर्व किंवा कांहींच नाहीं. विणलेले लोकरी हातमोजे उबदार खरे, पण लिव्हरवर निसटतात; तळव्याला चामडें असलेले बरे. तेहि नसतील तर वाटेंत थांबून चहाच्या पेल्याभोंवतीं हात धरण्यांत कमीपणा नाहीं.

अलीकडे यंत्रानेंहि हाताला मदत केली आहे. १ एप्रिल २०१८ पासून सव्वाशें सी. सी. हून मोठ्या नव्या नमुन्यांच्या दुचाकींना, आणि पुढील वर्षापासून तसल्या सर्वच नव्या गाड्यांना, ए. बी. एस. ही चाक अडकूं न देणारी योजना सक्तीची झाली. सव्वाशेंपर्यंतच्या गाड्यांना निदान जोड-ब्रेक ठरला. जोड-ब्रेकांत पायानें मागचा दाबला तरी पुढचाहि थोडा लागतो. थोडाच, तेवढ्यानें हाताची सुटका होत नाहीं. ए. बी. एस. जागें झालें म्हणजे लिव्हर बोटांखालीं थरथरते, उलट धक्के देते. कांहीं तरी मोडलें असें वाटून पुष्कळ जण त्याच क्षणीं लिव्हर सोडून देतात. सोडूं नये, ती थरथर म्हणजे यंत्र आपलें काम करीत आहे. अनेक गाड्यांना हें यंत्र पुढच्याच चाकाला असतें, हेंहि आपल्या गाडीपुरतें विचारून ठेवावें.

परवान्याच्या परीक्षेसाठीं आठाचा आंकडा काढण्याचा सराव सारेच करतात. एकदम थांबण्याचा सराव कोण करतो? सुटीच्या दिवशीं एखादें रिकामें, फरसबंद किंवा डांबरी पटांगण पाहावें, फक्कीची एक रेघ मारावी, आणि वीसच्या वेगानें येऊन रेघेपासून ब्रेक दाबावा. गाडीचें नाक खालीं जातांना कसें वाटतें तें हाताला कळूं द्यावें. मग तीस, मग चाळीस. कितव्या पावलावर थांबलों तें मोजावें. दहा-पंधरा खेपांत अंतर कसें घटतें, तें पाहून माणूस स्वतःच चकित होतो. महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हा एकदां.

घरांत बिनगिअरची स्कूटर असेल तर तिच्याकडेहि लक्ष असूं द्यावें. तिच्यावर पायब्रेक नाहीं. उजव्या हाताला पुढचा व डाव्याला मागचा. येथेंहि पुष्कळ मुली व बायका केवळ डावा दाबावयास शिकलेल्या असतात, कारण शिकविणाऱ्यानें उजव्याची भीति घातलेली असते. त्यांचे हात लहान, बोटें आंखूड, आणि लिव्हर बनविलेली सरासरी पुरुषी पंजाच्या मापानें. मुठीवर हात ठेवून तर्जनी व मधलें बोट पुढें केलें, कीं पहिलें पेर लिव्हरच्या पलीकडे वांकलें पाहिजे. तें पोंचत नसेल तर मेकॅनिकला लिव्हर जवळ घ्यावयास सांगावें. कांहीं गाड्यांवर त्यासाठीं एक लहानसा स्क्रू किंवा चक्री असते. तार असेल तर ती ताणून घ्यावी, आणि डिस्क असेल तर दर दोन वर्षांनीं ब्रेक ऑईल बदलून घ्यावें, कारण तें हवेंतलें पाणी शोषून घेतें व लिव्हर स्पंजासारखी मऊ लागूं लागते. हें काम सांगतांना जी गाडी चालविते तिलाच मेकॅनिककडे सोबत न्यावें, आणि तिचाच हात मुठीवर ठेवून माप घ्यावें.